पाणी कुठे जाईल?



गोव्यात ऑगस्ट महिना आला की गावोगावच्या चर्चमध्ये कोणसांचे फेस्त होते. शेतात नुकत्याच निसवलेल्या भाताची पहिली कणसे कापून आणायची, फादरांनी त्यांच्यावर आशीर्वाद मागायचा, काही कणसे वेदीवर ठेवायची आणि एकेक कणीस प्रत्येक कुटुंबाने घरी न्यायचे. राय गावात हा सण ५ ऑगस्टला असतो, ताळगावात २१ ऑगस्टला, आणि इतर गावांत आपापल्या दिवशी. नवे भात आधी देवाला, मग आपल्या ताटात, इतका साधा त्याचा अर्थ आहे.

मागच्या वर्षी आमच्या गावच्या फेस्ताला कणसे आली ती शेजारच्या गावातून मागून आणलेली. आमच्या शेतात कापायला कणीसच नव्हते. मे महिन्यात बांध फुटला आणि खारे पाणी शेतात शिरले, हे गावात सगळ्यांना ठाऊक होते. त्यात माझा हात किती होता, हे मात्र दोघातिघांनाच ठाऊक होते. ते आज लिहीत आहे. लिहायला बरेच दिवस धीर होत नव्हता.

माझे माहेर खानापूर तालुक्यातले. आपल्या बेळगाव भागातील वाचकांना माहीत आहेच की म्हादई आपल्याच डोंगरात, देगावच्या जंगलात उगम पावते. लहानपणी पावसाळ्यात आम्ही तिचे ओहोळ ओलांडून शाळेत जात असू. लग्न होऊन गोव्यात आले आणि मांडवीच्या काठच्या घरात पाऊल टाकले, तेव्हा सासूबाईंनी खिडकीतून नदी दाखवून सांगितले, "ही तुझ्याच गावची." म्हादई गोव्यात उतरून मांडवी होते, हे मी पुस्तकात वाचले होते. पण माहेरचे पाणी सासरच्या दारात पाहून त्या दिवशी मला रडू आले.

सासूबाईंना आम्ही मांय म्हणायचो. ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उभे राहून तिसऱ्या कशा काढायच्या, हे मला त्यांनीच शिकवले. पायाच्या बोटांना शिंपला लागला की वाकायचे, हाताने उकरायचे, लहान असेल तर परत टाकायचे. डोंगरातल्या मुलीला ते सगळे नवीन होते. नदी माझ्या गावात एकाच दिशेने जायची. इथे ती दिवसातून दोनदा मागे फिरते. भरतीचे पाणी मांडवीतून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत चढते. पावसाळ्यात मुखाजवळही वरचे पाणी जवळजवळ गोडे होते आणि उन्हाळ्यात खार पुन्हा आत सरकत जातो. गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या या येण्याजाण्यावरच काळुंदर, शेवटे, चोणक, कोळंबी, तिसऱ्या सगळे जगतात. समुद्रातल्या कितीतरी माशांची आणि कोळंबीची पिल्ले खाडीतल्या खारफुटीच्या मुळांत वाढतात आणि मोठी होऊन समुद्रात जातात. मांय म्हणायच्या, खाडी म्हणजे समुद्राचा पाळणा.

याच खाडीकाठी आपल्या पूर्वजांनी खाजन शेती केली. पोर्तुगीज येण्याच्याही पुष्कळ आधीपासून इथल्या लोकांनी चिखल, पेंढा आणि चिरे घालून बांध उभे केले आणि खाऱ्या पाण्याखालची जमीन भाताखाली आणली. आजही गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन आहे, असे सांगतात. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते आणि शेतातले जादा पाणी नदीत जाते. यंत्र नाही, वीज नाही. पण बांधावर खेकड्याचे बीळ पडले का, झडपेत काटकी अडकली का, हे कोणीतरी रोज जाऊन बघावे लागते. जुन्या काळी हे काम गावकारीकडे, म्हणजे कोमुनिदादीकडे होते. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ते हळूहळू कुळांच्या संघटनांकडे आले आणि बऱ्याच ठिकाणी कोणाचेच राहिले नाही. मानशीतल्या मासळीचा लिलाव होतो. लिलाव घेणाऱ्याला वाटते, दार उघडे राहावे, म्हणजे खाऱ्या पाण्याबरोबर मासळी जास्त येईल. शेतकऱ्याला वाटते, दार वेळेवर मिटावे. दोघांनाही आपापल्या जागी आपले म्हणणे बरोबरच वाटते.

बांधाच्या बाहेरच्या बाजूला खारफुटी असते. आमच्याकडे तिवर आणि चिपी. लाटांचा पहिला मार ही झाडे घेतात, म्हणून मागचा मातीचा बांध टिकतो. इतकी वर्षे तिथे राहून मला हे माहीत नव्हते असे मी म्हणू शकत नाही. मांयने मला ते दाखवले होते. मी लक्ष दिले नव्हते, इतकेच.

सहा वर्षांपूर्वी आमच्या पॅरिश हॉलचे नूतनीकरण निघाले. हिशेब माझ्याकडे होता. जुन्या फरश्या, पडलेला गिलावा, सिमेंटचे तुकडे, फुटलेली बेसिने असा मोठा ढीग जमला. तो नेऊन टाकण्याची ठरलेली जागा लांब होती आणि टिप्परवाल्याने प्रत्येक खेपेचे जास्त पैसे सांगितले. पैसे संपत आले होते. रंगकाम बाकी होते. मी टिप्परवाल्याला म्हटले, "मागच्या बाजूला बांधाबाहेर चिखल आहे, तिवरांपाशी. तिथेच टाका. नाहीतरी ती जागा कोणाच्या कामाची नाही."

अकरा खेपा झाल्या. मांय तेव्हा थकल्या होत्या, पण परसात खुर्ची टाकून बसायच्या. टिप्परचा आवाज ऐकून त्यांनी मला हाक मारली आणि एवढेच विचारले, "बाय, उदक खंय वतलें?" पाणी कुठे जाईल? मी हसून म्हटले, "मांय, नदी केवढी मोठी आहे! जाईल कुठूनही." त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत मी वाचवलेल्या पैशांचा उल्लेख झाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हॉल सुंदर झाला. त्या रात्री मी देवाचे आभार मानले होते, हेही इथे सांगितले पाहिजे.

तिवराच्या झाडाखाली चिखलातून पेन्सिलीसारखी मुळे वर आलेली आपण पाहिली असतील. खाडीच्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड त्या मुळांनी श्वास घेते. ती मुळे गाडली गेली की झाड गुदमरते. शिवाय जिथून भरतीचे पाणी झाडांत शिरायचे तो लहानसा ओहोळही आमच्या फरश्यांनी बुजला होता. दोन वर्षांत तिथली तिवरे एकेक करून वाळली. मांय त्याच्या आधीच देवाघरी गेल्या. तिसऱ्यांची आमची जागाही गेली. तिथे आता वाळूमिश्रित चिखलाऐवजी नुसता गाळ बसत होता. मी बाजारातून तिसऱ्या आणू लागले आणि पूर्वीची चव राहिली नाही म्हणून तक्रार करू लागले.

मग मागच्या वर्षी मे महिन्यात, अमावास्येच्या उधाणात, झाडे गेली होती नेमक्या त्याच जागी बांध फुटला. बांध माझ्या एकटीमुळे फुटला, असे मी म्हणणार नाही. त्याची डागडुजी कितीतरी वर्षे झाली नव्हती. पण पाण्याने जागा निवडली ती मी करून ठेवलेली. भगदाड बुजवीपर्यंत खारे पाणी शेतात उभे राहिले. पुढच्या पावसाने जमीन धुतली, पण पुरेशी नाही. ज्यांचे शेत बांधाला लागून आहे, त्या आमच्या शेजारच्या अंकलनी रोपे लावली आणि ती पिवळी पडून जळली. सत्तरीच्या पुढचे गृहस्थ. आयुष्यात एकही पावसाळा त्यांनी शेत पडीक ठेवले नव्हते.

फेस्ताच्या दिवशी परगावची कणसे वेदीकडे नेणाऱ्यांत मी होते. अंकल मागच्या बाकावर बसले होते. मी त्यांच्या शेजारून गेले. त्यांनी कणसांकडे पाहिले आणि मान खाली घातली. त्या क्षणी मला मत्तयच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायातली प्रभूची शिकवण आठवली. आपण अर्पण घेऊन वेदीपाशी आलो आणि तिथे आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जायचे. किती वेळा ऐकले होते हे! लहान मुलांना शिकवलेही होते. पण मी अर्पण घेऊन पुढे गेले, फादरांच्या हाती दिले आणि जागेवर येऊन बसले. त्या दिवशी मला ख्रिस्तप्रसाद घेता आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रायश्चित्त संस्कारासाठी गेले. काय सांगावे हेच कळत नव्हते. खोटे बोलले, रागावले, प्रार्थना चुकली, असे आपण सांगतो. 'मी नदीत राडारोडा टाकला' हे पाप म्हणून सांगायची आपल्याला सवय नाही. तरी सांगितले. फादर हसले नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' या परिपत्रकात सृष्टीची हानी हेही पाप आहे, या विचाराची आठवण करून दिली होती, त्याविषयी ते थोडे बोलले. क्षमा दिली. आणि म्हणाले, "देवाने क्षमा केली आहे. आता अंकलकडे जा."

ते सर्वांत कठीण होते. मी गेले, व्हरांड्यात बसले आणि सगळे सांगितले. नुकसानीचे पैसे देते म्हणाले. अंकल बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला माहीत होते. टिप्पर जाताना मी पाहिला होता. मीही काही बोललो नाही. हॉल स्वस्तात झाला म्हणून टाळ्या मीही वाजवल्या." पैसे त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "तुला द्यायचेच असेल तर ते दगड काढ."

जक्कयाने प्रभूला घरी घेतले तेव्हा नुसते अश्रू ढाळले नाहीत, ज्याचे घेतले होते त्याला चौपट परत देण्याचे कबूल केले. माझ्या वाट्याला चौपट नाही, निदान अकरा खेपा तरी आल्या होत्या.

पावसाळा संपल्यावर पंचायतीला कळवून आणि वन खात्याची परवानगी घेऊन आम्ही कामाला लागलो. चिखलात यंत्र उतरवले असते तर उरलीसुरली झाडेही मेली असती, म्हणून घमेली आणि हात. ओहोटीची वेळ बघून दर शनिवारी. पहिल्या शनिवारी मी, माझे पती आणि अंकल, एवढेच होतो. मग धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले आली, त्यांच्यामागे त्यांचे आईवडील आले. हॉलच्या जुन्या फरशीचा तुकडा हातात आला की कोणीतरी म्हणायचे, "ह्याच्यावर माझ्या लग्नात नाचलो होतो." आम्ही हसायचो. सगळे निघाले नाही, खोल गेलेले अजून तिथेच आहे. पण ओहोळाचे तोंड मोकळे झाले आणि प्रायश्चित्तकाळाच्या सुरुवातीला भरतीचे पाणी पुन्हा आत येताना आम्ही पाहिले.

झाडे लावायची का, असे मुलांनी विचारले. अंकल म्हणाले, आधी पाण्याला वाट द्या, झाडे पाणीच आणील. तसेच झाले. तिवराच्या बिया भरतीबरोबर तरंगत येऊन रुतल्या. आम्ही एकही रोप लावले नाही आणि आज तिथे वीतभर उंचीची कितीतरी रोपे उभी आहेत.

तेव्हापासून मांयचा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. कुठेही गेले तरी तो सोबत येतो. रायबंदरहून पणजीला जाताना जो जुना लांब पूल लागतो, तो १६३० च्या दशकात खाजनाच्या दलदलीतून बांधला गेला. बांधणाऱ्यांनी त्याच्या पोटात कमानी ठेवल्या, म्हणजे खाली पाणी येत-जात राहील. माणसाने खाडीला हात लावला म्हणजे ती बिघडतेच असे नाही. खाजनही माणसानेच केले. बिघडते ते 'पाणी कुठे जाईल' हे न विचारल्यामुळे. भराव घालून जागा सपाट करताना आपण विचारत नाही. शौचालयाचे पाणी नाल्यात सोडताना विचारत नाही. अनेक दशके मांडवी आणि झुआरीतून लोहखनिजाचे बार्ज जात होते, डोंगरातल्या खाणींची माती पावसाबरोबर नदीत उतरत होती, आणि कितीतरी घरांच्या चुली त्यावर पेटत होत्या. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले तेव्हा कोणाची रोजी गेली यावर आम्ही खूप बोललो. नदीच्या तळाशी किती गाळ बसला यावर कमी बोललो. रोजीचे दुःख खोटे नव्हते, पण तिसऱ्या काढणाऱ्या बायकांचीही ती रोजीच होती.

आणि माझे माहेर व सासर ज्यावरून भांडतात ते म्हादईचे पाणी! २०१८ मध्ये लवादाने तिन्ही राज्यांचे वाटे ठरवले, तरी वाद चालूच आहे. कोणाची बाजू घेण्याची माझी पात्रता नाही. माहेरच्या माणसांना प्यायला पाणी हवे, हे मला कळते. पण समुद्राला मिळालेले पाणी वाया गेले, असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा मला मांयच्या पायाखालचा चिखल आठवतो. ते गोडे पाणी खाडीत येते म्हणून खार मागे हटतो आणि पाळणा हलतो. हिशेब करताना त्या पाळण्याचाही वाटा कोणीतरी मोजावा, एवढीच माझी विनंती आहे.

यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ४७ वा अध्याय आपण सवडीने वाचा. मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघते, आधी घोट्याएवढे, मग गुडघ्याएवढे, मग कमरेएवढे, आणि शेवटी पोहूनच जावे लागेल अशी नदी होते. ती खाऱ्या समुद्राला मिळते आणि तिथले पाणी निरोगी होते. एन-गेदीपासून एन-एग्लाइमपर्यंत कोळी जाळी पसरून उभे राहतात. इथपर्यंत आपण नेहमी ऐकतो. पण मध्येच एक छोटे वचन आहे, जे मी पूर्वी कधी थांबून वाचले नव्हते. तिथल्या दलदली आणि पाणथळ जागा गोड्या होत नाहीत, त्या मिठासाठी राखल्या जातात. पंडित लोक याचा अर्थ निरनिराळा लावत असतील. मला मात्र वाटले, ज्या देवाने एवढी नदी वाहवली, त्याने चिखलालाही त्याची जागा ठेवली. मी ज्याला 'कोणाच्या कामाची नाही' म्हटले होते, ते त्याच्या यादीत होते.

यंदा अंकलच्या शेतात अर्ध्या भागात कोरगुट पिकले. खार सोसणारे हे जुने भात आहे. अर्धा भाग अजून खारच धरून आहे, त्याला आणखी एक-दोन पावसाळे लागतील. फेस्ताच्या आदल्या दिवशी अंकल माझ्या दारात आले आणि म्हणाले, "कणसे कापायला चल." मी म्हटले, "वेदीवर तुम्ही न्या, मी नेणार नाही." ते म्हणाले, "दोघे नेऊया." आम्ही दोघांनी नेली. या वेळी मी ख्रिस्तप्रसाद घेतला.

येत्या १ सप्टेंबरला सृष्टीच्या रक्षणासाठी प्रार्थना करण्याचा दिवस आहे. आपण कुठेही असा, बेळगावात, वडोदऱ्यात, इंदुरात, हैदराबादेत, आपल्या घरातून आणि चर्चमधून निघणारे पाणी व कचरा शेवटी कुठे जातो, हे त्या आठवड्यात एकदा चालत जाऊन पाहा. आणि त्या वाटेवर कोणी अंकल राहत असतील, तर त्यांना भेटून या.

प्रार्थना: हे प्रभो, तू कोळ्यांना हाक मारलीस आणि किनाऱ्यावर त्यांच्यासाठी मासळी भाजलीस. आम्ही काटकसरीच्या नावाखाली तुझ्या पाण्याची वाट अडवली, त्याची आम्हांला क्षमा कर. ज्यांच्या शेताचे आणि जाळ्याचे आमच्यामुळे नुकसान झाले, त्यांच्या दारी जाण्याचे धैर्य दे. जे दगड आम्ही टाकले ते काढण्याचे बळ आमच्या हातांना दे, आणि जे खोल गेले आहेत ते तुझ्या दयेवर सोडतो. आमेन.